पिल्लांनी शेवाळ सोडलं तेव्हा

"थांब वं माय, आज पिल्लं खाऊन नाई राहिले," म्हातारा आपल्या म्हशीला म्हणाला.

बार्शीटाकळीजवळच्या नाल्यावर मी दुर्मीळ बेडकांच्या नोंदी घ्यायला जायचे. तो रोज दिसायचा, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. बेडकांची पिल्लं दगडावरचं शेवाळ खरवडताना दिसली, तरच तो म्हशीला पाण्यावर सोडायचा. आज पिल्लं शेवाळाला तोंडच लावत नव्हती. तहानलेली म्हैस हिसडे देत होती, दावं त्याच्या हातातून सुटत चाललं होतं.

वरच्या अंगाला एक शेतकरी फवारणीचा पंप नाल्यात धूत होता. म्हाताऱ्याने त्याला हटकलं.

"तुमची म्हैस बेडकाले इचारून पाणी पेते काय, बाबा?" तो हसला.

मी वर त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "काका, मीसुद्धा बेडकांनाच विचारते. पंप बाहेर काढा."