सलोत्र्यानं शोधलेला कलावंत

माझे वडील निजाम सरकारच्या नोकरीत ढोरांचे डॉक्टर होते. आमच्या भागात अशा डॉक्टरला सलोत्री म्हणत. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ढोरांच्या दवाखान्याच्या मागं सरकारी घरात आम्ही तिघं राहायचो: बाबा, आई आणि मी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे कोकणातले. अख्ख्या जिल्ह्यात आमच्या समाजाचं घर एवढं एकच. त्यामुळं आम्ही नेमके कोण, हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शनिवारी आमची चूल पेटत नाही हे बघून काहींना वाटायचं, ह्यांचं शनीचं व्रत फार कडक आहे. दाराच्या चौकटीवरची मजुजा, म्हणजे आमच्या धर्मवचनांची छोटी डबी, बघून दर्ग्याकडचे लोक तो तावीज समजून अदबीनं आत यायचे. आणि आई मलिदा करायची तेव्हा दोन्हीकडचे लोक काही न विचारता पानं पुढं करायचे.

बाबांना एक खोड होती. उस्मानाबादेत असले की ते मुंबईची तारीफ करायचे आणि मुंबईत गेले की उस्मानाबादेची. दोन्हीकडं तपासून बघणारं कुणी नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं निभावलं. पण एकदा मुंबईला एका लग्नात ते जेवणाच्या पंगतीत आमच्या जिल्ह्यातल्या कलावंतांबद्दल बोलत सुटले. शेजारी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष बसले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मंडळानं नुकताच कलेसाठी एक पुरस्कार सुरू केला होता. तो समाजातल्या माणसासाठी नव्हता. अध्यक्षांचं म्हणणं असं, की या देशानं आपल्याला एवढी शतकं सुखानं राहू दिलं, कधी कुणी धर्मावरून छळलं नाही, तर आपण या देशाच्या कलावंतांसाठी काहीतरी करावं. कलावंत कुठल्याही जातीधर्माचा असो. पुरस्काराचं नावच होतं राष्ट्रीय कलावंत पुरस्कार. पहिल्या वर्षी तो मुंबईतच दिला गेला. यंदा दूरचा कुणीतरी हवा होता, आणि बाबा पंगतीत अगदी दूरच्या माणसांबद्दलच बोलत होते. अध्यक्षांनी तिथल्या तिथं त्यांच्यावर काम सोपवलं.

परत येताना गाडीत बाबा फार कमी बोलले. आई मात्र मजेत होती. तिनं विचारलं, एवढ्या कलावंतांतला कुठला देणार? बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले की बघू.

बाबांना बैलाच्या पोटावर कान ठेवून आत काय बिघडलंय ते कळायचं, पण गाणं आणि रडणं यांतला फरक त्यांना सांगावा लागायचा. तरी ते नेटानं शोधाला लागले. गावोगाव दौऱ्यावर गेले की जनावर तपासून झाल्यावर हात धुता धुता विचारायचे, “तुमच्याकडं कुणी कलावंत आहे का?” आता आमच्याकडं खेड्यात कलावंत म्हटलं की लोकांच्या मनात कलावंतीण यायची, म्हणजे नाचणारी बाई. एका पाटलानं त्यांना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात दोन गावं सांगितली. सोनारीला, काळभैरवाच्या देवळापाशी, एका म्हाताऱ्या पुजाऱ्यानं त्यांची समजूत घातली की साहेब, लेक लग्नाची झाली, आता देवाकडं लक्ष द्या. ही बोलणी बाबांच्या आधी उस्मानाबादेत पोचली. भाजीवालीनं आईला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

आई संशयी नव्हती. पण पुढच्या दौऱ्याला तिनं पदर खोचून सांगितलं की मीही येणार, आणि पोरगीही येईल.

तो दौरा जळकोटचा होता. तिथल्या एका लिंगायत व्यापाऱ्याचा बैल चारा सोडून बसला होता. व्यापारी करडई आणि शेंगांचा व्यवहार करायचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलायचा. बाबांनी बैलाला औषध पाजलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. व्यापाऱ्यानं मोठा उसासा टाकला. म्हणाला, “हाय की. माझा धाकटा भाऊ. घेऊनच जावा त्याला.”

धाकटा भाऊ मागच्या कोठारात होता. तो नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. मांजरपाटाचं भलंमोठं कापड जमिनीवर अंथरून, सरसात कालवलेले रंग घमेल्यांत घेऊन तो त्यावर अनवाणी फिरत होता. पडद्यावर रस्ता होता. दोन्ही बाजूंना झाडं, वर ढग, आणि रस्ता मागं मागं जात इतका बारीक झालेला की मी नकळत वाकून तो कुठं जातोय ते बघायला लागले. आईही बघत राहिली. बाबांनी आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि त्यावरूनच ठरवलं की हा कलावंत आहे.

त्यांनी त्याला पुरस्काराचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आश्चर्य, संकोच, काही नाही. एवढंच विचारलं की मुंबईला एवढा उशीर का झाला?

आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. आमच्यात मांसाचे नियम फार, पण लिंगायतांच्या घरी मांसाचा संबंधच नाही, त्यामुळं आईला शेंगापोळीबद्दल काही विचारायची गरज पडली नाही. त्यांना मात्र आमच्याबद्दल पुष्कळ विचारायचं होतं. ते त्यांनी पाहुणचारापायी गिळलं.

मंडळाला बाबांची निवड पसंत पडली. अध्यक्षांनी कळवलं की पुरस्कार द्यायला ते स्वतः पत्नीसह उस्मानाबादेत येतील. आता अडचण दुसरीच आली. निजामीत चार माणसं जमवायची तर सरकारची इजाजत लागायची, आणि त्यात कार्यक्रमाच्या नावातच ‘राष्ट्रीय’. तो शब्द त्या दिवसांत कचेरीत नुसता उच्चारला तरी लोक मागं वळून बघत. बाबा सरकारी नोकर. ते रात्रंदिवस काळजीत, आणि अर्जी लिहायची माझ्यावर, कारण मी उर्दू शाळेत शिकलेली होते आणि माझं अक्षर घरात सगळ्यांत बरं.

राष्ट्रीयला उर्दूत काय लिहावं? मला ‘कौमी’ सुचलं, ते बाबांनी हात वर करूनच थांबवलं. मग मी लिहिलं ‘मुल्की’. मुल्क म्हणजे देश, मुल्की म्हणजे देशाचा. अर्थ बरोबर होता. पण आमच्या राज्यात मुल्की या शब्दाचा एक पक्का सरकारी अर्थही होता: निजामाच्या रियासतीचा अस्सल रहिवासी. बाहेरून आलेला तो गैरमुल्की. नोकऱ्यांवरून या दोन शब्दांची कायम भांडणं असायची.

बाबा अर्जी घेऊन तालुकदारांच्या कचेरीत गेले. तालुकदार म्हणजे आजचे कलेक्टर. त्यांनी वाचलं की मुंबईची मंडळी खास प्रवास करून एका मुल्की फनकाराचा सत्कार करायला येतेय, आणि ते इतके खूश झाले की नुसती इजाजत दिली नाही, अध्यक्षस्थानही स्वतःकडं घेतलं. मी हे मुद्दाम केलं, असं आई पुढं सगळ्यांना सांगायची. खरं तर मला दुसरा शब्द सुचला नव्हता.

मुंबईचे पाहुणे बार्शीच्या छोट्या गाडीनं येडशी स्टेशनवर उतरले. कार्यक्रम दुपारी शाळेच्या पटांगणात होता. बांबूंना रस्त्याचा पडदा टांगला होता आणि त्याच्यासमोर खुर्च्या. तालुकदार उर्दूत बोलले. सरकारच्या छायेत कला कशी फुलते आणि आता ब्रिटिश मुलखातल्या लोकांनाही तिची दखल घ्यावी लागते, असा त्यांचा रोख होता. अध्यक्ष मराठीत बोलले. देश एक आहे, त्यात नाके आणि सरहद्दी कितीही असोत, कलावंत सगळ्या देशाचा असतो, असं त्यांचं म्हणणं. दोघांच्या मध्ये मी दुभाषी. मी तालुकदारांना सांगितलं की पाहुणे आपल्या मेहमाननवाजीनं भारावलेत. अध्यक्षांना सांगितलं की साहेबांचं कलेवर फार प्रेम आहे. दोन्ही खोटं नव्हतं. दोघांनी एकमेकांसाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.

कलावंताचं यांतल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. पडद्याला उजवीकडं एक चुणी पडली होती. तालुकदार बोलत असतानाच तो उठला, शिडी लावली आणि वर चढून ती चुणी काढायला लागला. तालुकदार थांबले. सगळं पटांगण त्याच्याकडं बघत राहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. तो निवांत खाली उतरला, मागं जाऊन लांबून बघितलं, आणि तालुकदारांना मानेनं खूण केली की आता चालू द्या.

शाल घेतल्यावर त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, “आमी चांगलं रंगवतो हे आमाला ठावं होतं. मुंबईला आत्ता कळलं. बरं झालं.” आणि बसला.

पुरस्कारात वर्षभराचे रंग आणि कापड होतं. त्याच्या बदल्यात त्यानं मुंबईत मंडळाच्या शाळेसाठी एक पडदा रंगवून द्यायचा होता, विषय त्याच्या मनाचा. पुढं काही दिवसांनी तो आमच्या घरी आला. ओट्यावर बसून त्यानं बाबांना विचारलं, “साहेब, तुमी लोक मुळात आलात कुठनं?”

बाबांनी त्याला आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती हकिगत सांगितली. फार फार पूर्वी एक गलबत कोकणच्या किनाऱ्यापाशी फुटलं, थोडे बायकापुरुष वाचले, तेच आमचे पूर्वज. त्याला ती आवडली. पण त्यानं समुद्र कधी बघितला नव्हता. तो कसा असतो, असं त्यानं विचारलं. बाबा विचार करून म्हणाले, “मोठा असतो. पाणी असतं.” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “अक्का, तुमी सांगा.”

मी सांगितलं की लाट एकामागं एक येते, ओळीनं, पार नजर पोचेल तिथपर्यंत. तो डोळे बारीक करून ऐकत होता. म्हणाला, “म्हंजी नांगरलेलं रान.” मी नको म्हणेपर्यंत तो उठून गेलासुद्धा.

त्यानंतर दिवस बिघडले. रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीवरच्या गावांतली माणसं घरं सोडून सोलापूरकडं जाऊ लागली. बाबांना नोकरी सोडता येईना. त्यांनी आईला आणि मला मुंबईला मामाकडं पाठवून दिलं. रोज बातमीची वाट बघायची, आणि आलेली बातमी खरी नसावी असं वाटायचं.

अशातच एके दिवशी मामाच्या दारात दोघं भाऊ उभे राहिले, मोठा आणि धाकटा, खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली लांबलचक वळकटी. थोरल्यानं पाणी पिऊन आधी तक्रार केली. जळकोट सोडून सोलापूरला जाताना गाडीत जागा थोडी. ह्यानं हा पडदा आत घातला आणि त्यापायी ह्याच्या वहिनीचं जातं मागं राहिलं. तेव्हापासून ती धाकट्याशी बोलत नाही, आणि मधे बसून दोघांचे निरोप थोरल्यानं द्यायचे. मामाचा पत्ता बाबांनीच दिला आणि ते सुखरूप आहेत, असंही त्यानंच सांगितलं. ते ऐकून आई आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

शाळेच्या सभागृहात पडदा टांगला. मंडळाची माणसं, मास्तर, पोरं, सगळी जमली. समोर समुद्र होता आणि तो काळा होता. आमच्या रानाच्या मातीसारखा काळाभोर. त्यावर लाटा नांगराच्या सरळ तासांसारख्या ओळीनं दूरवर गेलेल्या. पार पलीकडं किनारा, त्यावर माडांच्या जागी बाभळी. गुडघाभर पाण्यातून माणसं बाहेर येत होती, पाठमोरी, ओली, एकमेकांचे हात धरून. आणि वर त्याचे ते ढग.

मागच्या पोरांनी हसायला सुरुवात केली. मग मोठेही हसले. सगळेच समुद्राकाठी वाढलेले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते पुढं गेले, त्या पाठमोऱ्या माणसांकडं बघत उभे राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी बसायला खुर्ची मागितली. त्यांच्या पत्नीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हसणं आपोआप थांबलं.

दुसऱ्या दिवशी मामानं आणि मी दोघा भावांना समुद्रावर नेलं. थोरल्यानं पाणी चाखून तोंड वाकडं केलं. धाकटा वाळूत उभा राहून बघत होता. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, “लई हलतंय.” नंतर परतताना, मी काही विचारलं नसतानाच, म्हणाला, “माझा बरा हाय.”

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली. त्यांनी त्याला अगदी मऊपणानं विचारलं की आता प्रत्यक्ष बघितलंत, तर काही दुरुस्ती करायची आहे का? तो विचार करून हो म्हणाला. रंग आणले, शिडी आणली. आम्ही सगळे बघायला जमलो. त्याला शिडी लागलीच नाही. तो उकिडवा बसला, खालच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली, नावापेक्षा मोठं, जळकोट. लिहायचं राहून गेलं होतं म्हणाला, आणि ब्रश धुवायला पाणी मागितलं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामी संपल्यावर दोघं भाऊ गावाकडं परतले. थोरल्याच्या सांगण्यावरून मामानं वहिनीसाठी मुंबईहून एक जातं बरोबर दिलं. ते तिला पसंत पडलं नाही म्हणे, पण दिराशी बोलायला तिनं सुरुवात केली. बाबा पुढं पेन्शन घेऊन मुंबईत आले. शाळेत पडदा एवढा एकच, त्यामुळं कुठलंही नाटक असो, राजदरबार असो की स्वयंपाकघर, मागं काळा समुद्र असायचा. बाबा एकही प्रयोग चुकवायचे नाहीत. नाटकात त्यांना काही कळत नव्हतं. पहिल्या रांगेत बसून ते शेजारच्या माणसाला हळूच सांगायचे की हा कलावंत मी शोधला. आई त्या माणसाच्या पलीकडं बसलेली असायची आणि तीही त्या माणसाला हळूच सांगायची की शोधला बैलानं.