दिवसा मुंबई लागत नाही

माझी थोरली बहीण नाटक कंपनीबरोबर निघून गेली, त्या दिवसापासून आमच्या वडिलांनी, आबांनी, घरात तिचं नाव काढू दिलं नाही. तिची पत्रं आली तशीच परत गेली. पुढे आईचे डोळे गेले आणि तिच्या लेखी माणूस म्हणजे फक्त आवाज उरला. अशात एकदा पेपरात मुंबई रेडिओच्या कार्यक्रमांत बहिणीचं नाव छापून आलं. गाणं होतं भर दुपारी.

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवत होतो. नाकदुऱ्या काढून शाळेचा रेडिओ भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत आणला, पत्र्यावर बांबू बांधून तार ताणली. आईला आधीच सांगून ठेवलं, की दिवसा मुंबई लागत नाही. डोक्यावर कित्येक मैल उंचीवर विजेने भारलेल्या हवेचे थर असतात. मुंबई रेडिओच्या मध्यम लहरी रात्री वरच्या थरावर आपटून लांबच्या गावात उतरतात. दिवसा उन्हामुळे त्याच्याखाली आणखी एक थर तयार होतो आणि तो या लहरी वाटेतच गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो खालचा थर विरतो. हे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगायचो.

आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. अंधार पाहिजे, एवढंच त्यांनी धरलं. उठले, वळसंगहून आणलेली एक घोंगडी खिडकीला टांगली, दुसरी दाराला. फटींत चिंध्या कोंबल्या.

"आबा, हितल्या अंधारानं काय होणार न्हाय. वर आभाळात पायजे, मुंबईपासनं हितवर."

"तू गप. लाव."

वेळ झाली. मी बटण फिरवत राहिलो, नुसती खरखर. उकाड्याने जीव नकोसा झाला. आई रेडिओला कान लावून सारखी विचारत होती, "अंधार झाला का रं? नीट झालाय न्हवं?" आबा बाहेर जाऊन रणरणत्या उन्हात पत्र्यावर चढले आणि तारेचा बांबू दोन्ही हातांनी उंच धरून उभे राहिले. पत्रं परत पाठवणारे हेच आबा! मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं. मध्येच आई ओरडली, "तीच हाय!" ती खरखरच होती. मी सूर्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. गाण्याची वेळ टळून गेली.

दिवस मावळल्यावर मुंबई आपसूक लागली. कुणीतरी कापसाचे भाव वाचत होतं.

आबा आईसमोर येऊन बसले. मला म्हणाले, "तार कर की तिला. म्हणावं, अंधार पडल्यावर गात जा. हितं ऐकू येत न्हाय."

"गा कशाला?" आई म्हणाली. "घरी ये म्हणा की. दार तुमी लावलं, आता तुमीच म्हणा."

ती त्यांच्याकडे तोंड करून थांबली. ते बोलले तर तिला ऐकू यावं म्हणून मी रेडिओ बंद केला. ते बोलले नाहीत.