नेट आहे, पण येत नाही

आमच्या दुकानात दोन गोष्टी कोणी न आणता साचत जातात. एक म्हणजे मेलेले माउस, दुसरे किस्से. माउस भंगारवाला महिन्या-दोन महिन्यांनी उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही. आता तुम्ही चहाला बसलाच आहात, तर थोडे तुम्हीच घेऊन जा.

दुकान बालाघाटला, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मी आणि मेश्राम, दोघे पार्टनर. आयटीआयपासूनची दोस्ती. लॅपटॉपवाले शोरूममध्ये जातात, आमच्याकडे येतात ते जुने डेस्कटॉप. लेस लावलेलं कव्हर शिवून घातलेले, वर फुलदाणी ठेवलेले, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे जपलेले. आता घरोघरी वायफाय आलं, पण या डेस्कटॉपना वायफाय ओळखतच नाही. मागून अंगठ्याएवढं डोंगल खोचावं लागतं, तेव्हा कुठे ओळख होते. दोन दिवस सगळं झकास. तिसऱ्या दिवशी फोन.

"भाऊ, नेट आहे, पण येत नाही."

सगळे हेच वाक्य बोलतात. म्हणजे मोबाइलवर आहे, कंप्युटरवर येत नाही. आम्हाला कळतं. आम्ही पेचकस घेऊन निघतो.

* * *

लामत्याच्या राऊतकाकांचा फोन आला. शेती आहे, मुलं बाहेर शिकतात, मुलांनी सोडलेला कंप्युटर आता काका वापरतात.

"डोंगल लावलं. लाइटही लागला. नेट नाही."

मी म्हटलं, "काका, ड्रायव्हर नसंल."

"ड्रायव्हर कशाले पाहिजे? मी स्वतःच चालवतो ना."

मी समजावलं, की ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम असतो. तो नेटवरून घ्यावा लागतो, मग डोंगल चालतं.

"म्हणजे नेट सुरू करायले ड्रायव्हर पाहिजे."

"हौ."

"अन् ड्रायव्हर आणायले नेट पाहिजे."

"हौ, काका."

"म्हणजे चाबी गाडीच्या आत राह्यली अन् दार लागलं."

दोन वर्षं कोर्स केला, पण इतकं सोपं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये टाकला, पाकिटात घालून दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे दिला आणि काकांना फोन केला, "ड्रायव्हर बसनं येऊन राह्यला. स्टॉपवर जाऊन घ्या."

पुढचं मला कंडक्टरनं सांगितलं. बस लामत्याला थांबली. काका खिडकीशी आले आणि म्हणाले, "माझा ड्रायव्हर आला काय? बालाघाटहून पाठवला म्हणे. उतरवून घ्यायचा आहे."

स्टिअरिंगवरचा माणूस पुढून वळून म्हणाला, "काका, मुझे उतार लोगे तो बस कौन ले जाएगा?"

* * *

गोंदिया रोडला एक राइस मिल आहे. एका टोकाला सेठजींची केबिन, तिथे राउटर. दुसऱ्या टोकाला मुंशीजींचा डेस्कटॉप. मध्ये धानाचं गोडाऊन.

दिवाळी झाली की मुंशीजींचं नेट जायचं. आम्ही जायचो, डोंगल बदलायचो, ड्रायव्हर पुन्हा टाकायचो. काही फरक नाही. आणि होळीच्या सुमारास नेट आपोआप यायचं. दोन वर्षं असं चाललं. मुंशीजी तर म्हणायला लागले होते, की नेटलाही थंडी वाजते.

तिसऱ्या वर्षी मेश्राम गोडाऊनच्या दारात उभा राहून आत बघू लागला. पोत्यांची थप्पी छताच्या हातभर खालीपर्यंत. नवं धान, ओलसर.

"हे पोते सिग्नल पिऊन राह्यले," तो म्हणाला. "धान उठलं की नेट येते."

मुंशीजींनी चष्मा काढला. "म्हणजे सेठजीले भाव सांगायले मले नेट पाहिजे. नेट पाहिजे तर धान विकायले पाहिजे. अन् धान विकायचं तर आधी भाव पाहायले पाहिजे. मंग मी करू काय?"

यावर आम्ही तिघांनी गंभीर चर्चा केली. नवीन केबल ओढायची, भिंतीला भोक पाडायचं, मुंशीजींची खुर्ची हलवायची. मेश्रामनं कागदावर नकाशा काढला. सेठजी केबिनमधून सहज बाहेर आले, नकाशा पाहिला, पोती पाहिली.

"तो राउटर को बोरों के ऊपर रख दो ना," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मेश्रामनं नकाशाची घडी घातली आणि खिशात टाकली.

* * *

आमच्या वस्तीतले नागपुरे सर, शाळेत गणित शिकवतात. त्यांची तक्रार वेगळी. वायफाय लागतं, पण एकही साइट उघडत नाही. मी गेलो. जुन्या मशीनच्या आत एक बटणासारखा सेल असतो, तो मेला की कंप्युटरला तारीख आठवत नाही. तो आपल्या जन्माच्या वर्षात परत जातो. मग साइट म्हणतात, हा माणूस संशयास्पद आहे.

मी सरांना कोपऱ्यातली तारीख दाखवली. "पाहा, हा म्हणते दोन हजार नऊ."

सर वाकले. तारखेकडे पाहत राहिले. मागे वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं.

"दोन हजार नऊ म्हणजे," सर हळूच म्हणाले, "अजून माझं लग्न झालं नाही. सेल दोन मिनिटं राहू दे भाऊ. बरं वाटून राह्यलं."

वहिनींनी चहा टेबलावर ठेवला. "राहूच द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मलेही तेव्हा दुसरं स्थळ आलतं. विचार करू द्या."

सरांनी स्वतः धावत जाऊन सेल आणला.

* * *

फोटो स्टुडिओवाल्या सुनीलचं नेट दिवसातून दहा वेळा दोन-दोन मिनिटं जायचं आणि यायचं. मी अख्खी सकाळ बसून काढली. शेवटी कळलं, की भिंतीपलीकडच्या बेकरीत मायक्रोवेव्ह आहे. तो सुरू झाला की सुनीलचं जुनं डोंगल आंधळं होतं. मी म्हटलं, चांगलं डोंगल टाकून देतो, हा त्रास जाईल.

"नको," सुनील म्हणाला. "आता समजलं ना. नेट गेलं की उठतो अन् जाऊन गरम पॅटीस आणतो. तू ते दुरुस्त केलं तर मले कसं समजंल?"

तेव्हापासून नेट गेलं की त्याच्याकडे आलेली गिऱ्हाइकंही उठतात.

* * *

आमचे एक वकीलसाहेब आहेत. घरातच ऑफिस. त्यांच्या कंप्युटरमध्ये मी आत वायफायचं कार्ड बसवलं होतं आणि मागे दोन काळ्या काड्या, म्हणजे अँटेना. दर रविवारी त्यांचं नेट रडायचं. सोमवारी ठीक. वकीलसाहेबांना वाटायचं, विरोधी पक्षाचं काम आहे.

एका रविवारी मी मुद्दाम गेलो. टेबलाखाली वाकून पाहतो तर काडी एकच. दुसरी गायब. स्क्रू व्यवस्थित फिरवून काढलेला. वकीलसाहेबांनी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. कोणी कबूल करेना.

तेवढ्यात मागच्या ओसरीवर त्यांच्या आई दिसल्या. पुढ्यात धुतलेल्या पायजाम्यांचा ढीग. हातात आमची अँटेना. तिच्या टोकाला नाडा बांधलेला, आणि ती नेफ्यातून सरसर पुढे चाललेली.

"आई, हे काहून काढलं? त्याच्यानं नेट येते," वकीलसाहेब म्हणाले.

आईंनी नाडा बाहेर ओढला, गाठ मारली आणि पायजामा मुलाच्या हातात दिला.

"नेट एक दिवस गेलं तर चालते, बाबू. कोर्टात नाडा गेला तर चालते काय?"

मी पुढच्या आठवड्यात एक जादा अँटेना आणून आईंना दिली. माझं ते एकच काम असं आहे, की ज्याची आजवर तक्रार आली नाही.

* * *

आणि आता लांजीचं.

लांजीचे डोंगरे सर पोस्टातून रिटायर झालेले. एकच मुलगी, पल्लवी. चंद्रपूरच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा-मुलगी आपसात फोनवर बोललेले, दोघांची हौ होती. पण घरच्यांची भेट बाकी. चंद्रपूरवाले म्हणाले, आधी व्हिडिओ कॉलवर सगळे बोलू, मग येऊ. आधीची दोन स्थळं असंच "कळवतो" म्हणून गेली होती, त्यामुळे डोंगरे सर धास्तावलेले.

मी म्हटलं, "मोबाइलवर करा ना."

"तिकडे आठ जण बसणार आहेत," सर म्हणाले. "मोबाइलवर माणसं आधार कार्डावरच्या फोटोसारखी दिसतात. मोठ्या स्क्रीनवरच पाहिजे."

मोठी स्क्रीन म्हणजे त्यांचा पोस्टात असतानाच घेतलेला डेस्कटॉप. रविवारी अकराची वेळ. मी दहाला पोहोचलो. वायफाय शेजारी मोठ्या भावाच्या घरी, मध्ये जाड भिंत. डोंगलला काही दिसेना. माझ्याकडे लांब वायर होती, ती जोडली आणि डोंगल हातात धरून खोलीभर फिरलो, माशी पकडायला फिरतात तसा. कुठेच नाही. शेवटी खिडकीजवळ हात उंच केला आणि सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरल्या.

नेमकं पल्लवीच्या खुर्चीच्या मागे, जरा डावीकडे.

तिथे डोंगल पडद्याच्या दांडीला बांधलं, तर दांडी लोखंडाची, सिग्नल गेला. खिळा मारला, तर पोपडा पडला. टेप लावली, तर चुना घेऊन खाली आली. अकराला दहा मिनिटं कमी. डोंगरे सर कपाळ पुसत होते.

पल्लवी म्हणाली, "काका, आप ही पकड़ लो ना. दस मिनट की तो बात है."

मी उभा राहिलो. वायर तिनं माझ्या पाठीमागून घेतली, म्हणजे दिसायला नको. माझा पांढरा शर्ट, उजवा हात वर, पंजा पुढे, डोंगल दोन बोटांमध्ये लपलेलं. मागे खिडकीचा उजेड.

कॉल लागला. समोर सोफ्यावर आठ माणसं ओळीनं. डोंगरे सरांनी पत्नीची ओळख करून दिली, मोठ्या भावाची, वहिनीची, वहिनीच्या बहिणीची. घाबरून मला विसरले. मीही गप्प राहिलो. दहा मिनिटांचे चाळीस झाले. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. एकदा हात बदलायला गेलो, तर मुलाच्या आईचं तोंड उघडं असताना चित्र गोठलं. घाईनं पुन्हा वर केला. त्यानंतर हललो नाही. मुलाचे वडील बोलता बोलता माझ्याकडे पाहून हात जोडायचे. मी मान डोलवायचो. दुसरं काय करणार?

स्थळ जमलं. महिन्याभरानं ते लोक लांजीला येऊन सुपारी फोडून गेले. मी नव्हतो, बालाघाटला होतो.

लग्नाला मात्र मला आणि मेश्रामला आवर्जून बोलावणं. आम्ही जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभे होतो. तेवढ्यात मुलाची आई लगबगीनं आली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पायाशी वाकली. ताट मेश्रामनं झेललं.

"हेच ते," ती नवऱ्याला सांगत होती. "पूर्ण वेळ आशीर्वाद देत होते. एकदा जरा हात खाली आला, तर काय झालं पाह्यलं ना? मी सुपारीच्या दिवशीही विचारलं, महाराज कुठं आहेत म्हणून."

मी डोंगरे सरांकडे पाहिलं. सरांनी मंडपाच्या झालरीकडे पाहिलं.

"ते फार फिरतीवर असतात," सर म्हणाले.

मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. शाल आली, नारळ आला. तीन माणसं आपापली लेकरं घेऊन पाया पडून गेली. मेश्राम दोन्ही ताटं घेऊन लांब उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग स्टेजवर नेलं. नवरा-नवरीच्या मागे, मधोमध उभं केलं.

फोटोग्राफर म्हणाला, "बाबाजी, हाथ ऊपर."

मी हात वर केला. पंजा पुढे.

पल्लवी कॅमेऱ्यासमोर उभी होती, डोळे झुकवून, एकदम सोज्वळ नवरी. ओठ न हलवता म्हणाली, "काका, हिलना मत. नेट चला जाएगा."