शेवग्याच्या भुकटीची पहिल्या पानावरची बातमी

सकाळचे अकरा. तीर्थपुरीचा आठवडी बाजार, पालेभाज्यांची ओळ. समोर पोतं अंथरून बसलेली कौसाबाई, आणि तिच्यापुढे मी, हातात माझीच पहिल्या पानावरची बातमी घेऊन.

ऐका मंडळी, माझी इतकी फजिती माझ्या दुश्मनांनाही कधी जमली नव्हती. आणि दुश्मन मी तालुक्यागणिक ठेवलेत!

झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला, आणि लोणचं, पापड, तिखट सगळं बंद केलं. वर म्हणाले, गोळी चालू ठेवा आणि भांडणं कमी करा. गोळी तेवढी जमली.

मग कुणीतरी शेवग्याच्या पाल्याची भुकटी सुचवली. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम नावाला, रक्तदाबाला बरं पडतं म्हणे. डॉक्टरही म्हणाले, घ्या, पण गोळी सोडू नका. कौसाबाई आणि तिची सून पाला सावलीत वाळवून, कुटून या बाजारात विकतात. पूर्वी मेंढरं होती, आता ही भुकटीच त्यांचं घर चालवते. मी पिशवीभर आणली आणि आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे शोभाच्या, हवाली केली.

जेवताना ताटात हिरवा ढीग येऊ लागला. आणि भाकरीबरोबर काय लागायचा तो! औषध इतकं चवदार असतं हे मला साठीत कळलं. चमच्यावर थांबतो कोण? मी वाटीवर आलो.

आणि रक्तदाब? वर! पुढच्या तपासणीला आणखी वर! डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. मी म्हटलं, थांबा. मी बातमीदार माणूस आहे, आधी गुन्हेगार शोधू.

स्वयंपाकघरातल्या बरणीतून नमुना काढला, पाकिटाला लाख लावली आणि शहरातल्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिला. अहवालात पोटॅशियम होतं, पण सोडियम बेसुमार. तिथल्या तपासनिसाने फोनवर मला विचारलं, "काका, हा शेवगा समुद्रात उगवला होता का?"

मला एवढं पुरे होतं! सामान्य माणसाच्या रक्तदाबाशी खेळता? त्याच संध्याकाळी बातमी ठोकली, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत: 'आरोग्याच्या नावाखाली मिठाचा मारा. तीर्थपुरी बाजारातील हिरव्या भुकटीचं बिंग फुटलं.' आणि बाजाराच्या दिवशी बातमीचा परिणाम पाहायला जातीने हजर झालो.

परिणाम झाला होता. कौसाबाईच्या पुड्या जशाच्या तशा होत्या. गिऱ्हाईक लांबून वळसा घालून जात होतं. मला वाटलं, बाई शिव्या देईल, मग मीही सुरू होईन. तिने एक पुडी फोडली आणि चिमूटभर भुकटी माझ्या तळहातावर ठेवली.

"भाऊ, हितं समद्यांसमोर खा. मंग बोला."

मी तोंडात टाकली. कडवट, गवतासारखी. मिठाचा कण नाही!

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हणालो, "माल बदललास तू. बातमी आली म्हणून बदललास."

"बरं. जुना माल तुमच्या घरी हाय न्हाई का? घरी इचारा."

आता माझी कामाची एक पद्धत आहे. साक्ष घ्यायची ती फोनचा स्पीकर लावून, चारचौघांच्या देखत, म्हणजे नंतर कुणी उलटत नाही. मिरचीवाल्याला जवळ बोलावलं, चहावाल्याला बोलावलं, आणि शोभाला फोन लावला.

"शोभा, बरणीतली ती हिरवी भुकटी कशी लागते, इथे सगळ्यांना सांग."

"कोणती? शेवग्याची चटणी?"

"चटणी नव्हे. औषध."

"अहो, नुसता पाला तुम्ही खाल्ला असता व्हय? डाळवं, जिरं घालून चटणीच कुटल्ती मी. डॉक्टरनं तिखट बंद केल्तं, मंग मीठ जरा हात सोडून घातलं."

मिरचीवाल्याने चहावाल्याकडे पाहिलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? साऱ्या जिल्ह्याला इचारत फिरता, घरात एक शब्द न्हाई."

मिरचीवाला पोत्यावर आडवा झाला. चहावाला चहा सांडून हसत होता. आणि स्पीकर बंद करायचं बटण, तुम्हाला सांगतो, नेमकं अशा वेळी सापडत नाही!

कौसाबाई मात्र हसली नाही. तिच्या पुड्या अजून तशाच पडून होत्या. म्हणाली, "भाऊ, जेवढ्या मोठ्या अक्षरात छापलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापा. पहिल्याच पानावर." मी लगेच सगळ्या ओळीसमोर शब्द दिला.

चटणी बंद झाली. आता नुसती भुकटी ताकात ढवळून, नाक दाबून पितो. आकडा उतरलाय, डॉक्टर खूश आहेत.

कौसाबाईचा दर बाजाराला फोन येतो. "भाऊ, खुलासा कधी?"

ज्या उत्तरासाठी मी आयुष्यभर साहेब लोकांच्या टेबलांवर मुठी आपटल्या, तेच उत्तर आता माझ्या तोंडून निघतं: "वरिष्ठांशी बोलून कळवतो."

खुलासा अजून छापून आलेला नाही. आणि आमच्या कार्यालयात माझ्याहून वरिष्ठ कुणीच नाही.