दुष्काळात बुडालेला फोन

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की ऐन दुष्काळाच्या वर्षी, ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं, त्या शहरात माझा मोबाइल पाण्यात बुडून मरण पावला.

मृत्यूचं हे कारण मी ठरवलेलं नाही. ते जालना रोडवरच्या, फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या थंडगार हॉलमध्ये, काचेच्या टेबलामागं बसलेल्या एका इंजिनिअरनं ठरवलं. त्यानं फोनचं मागचं झाकण काढलं. बॅटरी काढली. पेनाच्या टोकानं आतली एक टिकली दाखवली. गव्हाच्या दाण्याएवढी.

"ही पांढरी पाहिजे. लाल झाली. पाणी गेलंय. वॉरंटी संपली."

मी म्हणालो, पाणी कुठून जाईल साहेब, चार महिन्यांचा फोन आहे, जपून वापरलाय. खालच्या अर्ध्या स्क्रीनला लकवा मारलाय तेवढा बघा. बोट लावलं तर वर चालतं, खाली चालत नाही.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. खाकी शर्ट, बगलेत ओला. पायात टायरच्या चपला.

"काय करता तुम्ही?"

"टँकरवर ड्रायव्हर आहे. पाण्याच्या."

तो हसला. खुर्चीत मागं रेलून, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "मग मला काय विचारता? टाकीत पडला असंल. नाहीतर आंघोळ घातली असंल त्याला. तुमच्यासारख्यांनी बटनाचाच फोन वापरावा, काका."

हॉलमधली माणसं हसली.

आणि मीही हसलो.

हे नीट ऐकून घ्या, कारण सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. अपमान त्यानं केला. टाळी मी दिली. मी गमत्या माणूस. लग्नात, मयतीत, पंक्चरच्या दुकानात, जिथं बसेन तिथं चार माणसं हसवणार. कुणी माझ्यावर विनोद केला तर मी त्याच्याहून मोठ्यानं हसतो, ही माझी लहानपणापासूनची सवय. म्हणून हसलो. अडतिसाव्या वर्षी तिशीच्या माणसाकडून काका म्हणवून घेतलं आणि दात काढले.

तेवढ्यात त्यानं स्टीलच्या ग्लासात जारमधलं गार पाणी घेतलं, अर्धं प्यायला आणि अर्धा भरलेला ग्लास माझ्या उघड्या फोनच्या शेजारी ठेवला. पोट फाडलेला माझा फोन आणि त्याच्या शेजारी घामेजलेला ग्लास. टेबलावर पाण्याचं गोल वर्तुळ. मी ते बघत बसलो.

माझ्या आधीचा नंबर कुणाचा होता तेही सांगतो. पुंडलिकनगरमधले एक रिटायर्ड साहेब. सफारी, चष्मा, बाहेर सावलीत गाडी. त्यांच्या इमारतीच्या हौदात मी एक दिवसाआड टँकर रिकामा करायचो. त्यांच्या मंडळी मला गच्चीवरून "अहो ड्रायव्हरदादा, चहा घेता का" असं विचारायच्या. त्यांचाही फोन तोच. तेच झाकण, तीच टिकली. लाल. मी मागच्या खुर्चीवरून वाकून बघितली होती. इंजिनिअर त्यांना म्हणाला, "सर, दमट हवेनं होतं असं कधी कधी. काळजी करू नका, मी वॉरंटीत बसवतो."

दमट हवा. मे महिना. बाहेर डांबर वितळतंय, ओठ फुटलेत, गुरं छावणीत, आणि सरांच्या फोनपुरती शहरात दमट हवा सुटली होती. माझ्या फोनपर्यंत आली तोवर त्या हवेचं पाणी झालं.

साहेबांनी मला ओळखलं. खात्रीनं ओळखलं. माझ्यावर हॉल हसला तेव्हा ते पावतीची घडी घालत होते. मान वळवून भिंतीवरची जाहिरात वाचू लागले. त्या जाहिरातीत चार शब्द होते. ते दोन मिनिटं वाचत होते.

इंजिनिअरनं मला एक छापील कागद दिला. इंग्रजीत. खाली रेघ. म्हणाला, यावर सही केली की पैसे भरून दुरुस्त करून देऊ, नाही केली तर फोन तसाच घेऊन जा. विचार करून या.

आता तुम्ही म्हणाल, टँकर ड्रायव्हरला कशाला पाहिजे असला फोन. हौस नव्हती. शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. पडेगावकडं माळावर प्लॉट पडले, प्लॉटवर घरं झाली, घरांत माणसं आली, फक्त नळ यायचा राहिला. सगळं टँकरवर. आणि टँकर म्हटलं की बोंब. खेप विकली, खेप पळवली, अर्धीच टाकी आणली. म्हणून आमच्या ठेकेदारानं नियम काढला. हौदात नळी सोडायची, शेजारी बाया उभ्या करायच्या, फोटो काढायचा आणि जागेवरून पाठवायचा. फोटो नाही तर गाडी नाही. असला फोन आमच्या अड्ड्यावर पहिल्यांदा मी घेतला. बायका हंडे घेऊन ओळीत उभ्या राहायच्या आणि मी म्हणायचो, हसा, मावशी, सरकार बघतंय. एक म्हातारी तर रोज डोक्यावरचा पदर नीट करूनच हौदाजवळ यायची.

आता फोन बंद. ठेकेदार म्हणाला, शनिवारपर्यंत बघ. नाहीतर किल्ली दुसऱ्याला देतो. दुसरा तयारच होता. त्याच्याकडं नवा फोन होता.

घरी आलो. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. अर्थात माझ्या पद्धतीनं. इंजिनिअरची नक्कल करून, मान मागं टाकून, "आंघोळ घातली असंल" म्हणून. मी माझाच अपमान रंगवून सांगत होतो. मंदा हसली नाही. ती माझ्या खिशाकडं बघत होती.

खिशात दुधाची पिशवी होती. अर्ध्या लिटरची. हा मंदाचा शोध. टँकरवर नळी लावताना, व्हॉल्व्ह सोडताना एखादा फवारा उडतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून ती पिशवी धुऊन, दोरीवर वाळवून, फोन तिच्यात घालून, वर रबर लावून माझ्या खिशात ठेवायची. आमच्या अड्ड्यावर सगळेच तसं करायचे. चार महिन्यांत फोनला पाण्याचा थेंब शिवला नव्हता. शपथेवर सांगतो.

मंदानं पिशवी घेतली, उजेडाकडं धरली. आतल्या बाजूला बारीक थेंब. दहिवर पडावं तसे.

मी म्हणालो, बघ, म्हणजे पाणी गेलंच.

तिनं पिशवीत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग म्हणाली, "हे पाणी नाय. खारट लागतंय."

मीही चाखलं. खारट.

केबिनमध्ये खालून इंजिन, वरून पत्रा. बारा-बारा तास. शर्ट अंगावरच भिजायचा, अंगावरच वाळायचा, पाठीवर मिठाचा नकाशा उमटायचा. आणि छातीवर, पिशवीत कोंडलेला तो फोन. पाण्यापासून वाचवायला आम्ही त्याला वाफेच्या खोलीत ठेवलं होतं. मंदा भिंतीला टेकून बसली. मीच घालायचे त्यात, म्हणाली. मीच मारला.

नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी कडक झालं. फोन कशानं बिघडला ते मला आजही माहीत नाही. घामानं असेल, नाहीतर मुळातच कच्चा असेल. पण ती टिकली कशानं लाल झाली ते कळलं होतं. ती बुडालेले फोन शोधत नव्हती. ती घाम येणारी माणसं शोधत होती. ज्याचा फोन गारव्यात टेबलावर पडून राहतो त्याची टिकली बहुतेक पांढरी. आणि क्वचित लाल झालीच, तर त्याला दमट हवा मिळते.

शुक्रवारी सकाळी सेंटर उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. तिथली काउंटरवरची मुलगी धावतपळत आली. तोंडाला स्कार्फ, ड्रेस घामानं पाठीला चिकटलेला. वॉचमनला सांगत होती, बिडकीनची गाडी खच्चून भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं स्कार्फ सोडला, तोंड पुसलं, पर्समधून फोन काढला, तोही त्याच स्कार्फनं पुसला. त्याच कंपनीचा फोन. मग आत गेली, काउंटरमागं उभी राहिली आणि तिचा आवाजच बदलला. टेपवर भरल्यासारखा. "सर, आपला टोकन क्रमांक सांगा प्लीज."

मी टोकन दिलं आणि कागद पुढं केला. म्हणालो, ताई, मला इंग्रजी येत नाही, यात काय लिहिलंय तेवढं सांगा. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात वाचून सांगितलं. लिहिलं होतं की ग्राहकानं निष्काळजीपणानं फोन पाण्यात टाकला, चूक ग्राहकाची आहे, ग्राहकाला हे मान्य आहे आणि यापुढं त्याची काही तक्रार राहणार नाही.

मी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. मान खाली घालून.

इंजिनिअर आला, टेबलामागं बसला, माझा नंबर लागला. म्हणाला, "केली का सही, काका?"

"नाय केली."

"मग फोन घेऊन जा."

मी खिशातून दुधाची पिशवी काढली आणि त्याच्या काचेवर ठेवली. म्हणालो, "बोट लावून चाखा. पाणी असंल तर आत्ता सही करतो."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. तोंड असं केलं, जसं मी टेबलावर मेलेला उंदीर ठेवला. म्हणाला, हे काय घाणेरडं.

"घाम हाय. माझा. तुमचा कागद बदला. लिहा, ग्राहकाला घाम येतो. त्याच्याखाली सही करतो, पाहिजे तर अंगठाही देतो."

या वेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मीही हसलो नाही. ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण टँकर गल्लीत शिरला की पुकारा करायची माझी सवय, ती कामी आली. मी मागं वळलो आणि टँकर आल्यासारखा पुकारा केला, "इथं ज्यांच्या ज्यांच्या फोनची टिकली लाल निघाली, त्यांनी हात वर करा."

आधी कुणीच नाही. मग एक हात आला, सिमेंटनं पांढरा पडलेला. गवंडी. मग एक रिक्षावाला. पोळ्या लाटायला घरोघर जाणाऱ्या एक बाई. पाठीवरची कुरियरची पिशवीही न उतरवलेला एक जण. अजून तिघं. सात हात. सगळ्यांच्या बगला ओल्या.

एवढे फोन एकदम बुडायला या शहरात पाणी होतं कुठं?

आता पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी गोड काही मागू नये. फोन दुरुस्त झाला नाही. शनिवारी किल्ली दुसऱ्याला गेली. मी पाच महिने वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर काढले. पुंडलिकनगरच्या त्या साहेबांच्या हौदात माझ्या हातानं पुन्हा पाणी पडलं नाही. तो फोन आजही घरात आहे, अर्ध्या अंगाचा. तो कागदही आहे. खालची रेघ कोरी. पुढं मी बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या कॉलेजात कितीतरी कागद बघितले, आणि प्रत्येकाला आधी विचारलं, यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. चूक माझी असेल तर कबूल करीन. माझ्या घामाला चूक म्हणणाऱ्या रेघेवर माझी सही होणार नाही. आणि माझ्यावर कुणी हसलं तर त्याला टाळी मिळणार नाही.

तर, सात हात वर. इंजिनिअर उठून उभा राहिला. म्हणाला, इथं तमाशा चालणार नाही. मग काउंटरकडं बघून ओरडला की वॉचमनला फोन लाव आणि याला बाहेर काढ.

मुलीनं स्वतःचा फोन उचलला. लावला नाही. उलटा केला आणि त्याच्या झाकणाकडं बघत राहिली. आत काय आहे ते तिनं कधीतरी एकटीनं उघडून पाहिलं असणार. इंजिनिअर म्हणाला, लाव ना. तिनं वर बघितलं, आणि तिचा तो टेपवर भरलेला आवाज कुठल्या कुठं गेला.

"सर, माझीबी टिकली लालच हाय."