मागे उभा असलेला

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली की अमरावतीच्या आमच्या बैठकीतला टीव्ही तिचा होतो. परवा दुपारी मी शेंदूरजनाघाटची संत्री सोलत बसलो होतो आणि ती पडद्यावर मारामारीचा खेळ खेळत होती. दोन वेगळ्या खेळांमधले लढवय्ये या तिसऱ्या खेळात एकत्र आणलेले. एरवी ज्यांची गाठही पडायची नाही, ते इथे एकाच बाजूने लढतात. प्रत्येकाने दोन गडी निवडायचे. एक समोर लढतो, दुसरा पडद्याबाहेर, मागे. वरच्या कडेला प्रत्येकाच्या जिवाची पिवळी पट्टी. मार बसला की पट्टीचा तुकडा जातो, पण सगळा कायमचा जात नाही. त्यातला काही भाग लाल होऊन थांबतो. तो गडी मागे गेला की तो लाल भाग हळूहळू पुन्हा पिवळा होत जातो. "बाबा, दमला की मागे घ्यायचा, म्हणजे भरून येतो," मुलीने मला समजावलं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तिला ते खरं वाटलं नाही. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता आणि मी त्या लाल पट्टीकडे बघत राहिलो. ती मी पहिल्यांदा पाहिली त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी अकोल्याला शिकत होतो आणि स्वतःला फार हिशेबी समजत होतो.

अकोल्यात बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. लाकडी पेट्यांमध्ये बसवलेले पाच पडदे, त्यांतले तीन चालू. दुकान चालवणारे चाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ कुणी आणीनासं झालं तेव्हा त्यांनी मुंबईहून जुन्या पेट्या आणल्या आणि त्यांची पोटं उघडून त्या स्वतःच शिकून घेतल्या. उन्हाळ्यात अकोल्याची माडी म्हणजे भट्टी. एक कूलर होता, त्याच्या वाळ्याचा ओला वास आणि तापलेल्या यंत्रांचा वास मिळून एक तिसराच वास तिथे भरून राहिलेला असे. आजही एखाद्या जुन्या संगणकाच्या मागे वाकलो तर तो पुसटसा येतो. दुकानाचा नियम एकच होता. जिंकणारा पेटीवर राहील, हरणारा उठेल.

मी स्वतः वाईट खेळायचो. हात मंद, आणि अंगावर कुणी धावून आलं की कुठलं बटण दाबावं ते सुचत नसे. पण मला मोजता येत होतं. मी दोनशे पानी वही केली होती. कुठल्या गड्याच्या कुठल्या ठोशाने पट्टीचा कितवा हिस्सा जातो, जोरकस लाथ फुकट गेली तर मारणारा किती वेळ उघडा राहतो, हलका ठोसा फुकट गेला तर किती. पेटीवरची, गडी हलवायची काठी मागे ओढून धरली की वार अडतो. पण खास ठेवणीतला वार अडवला तरी चिमूटभर पट्टी जातेच, आणि ती चिमूट लाल होत नाही, कायमची जाते. गडी बदलताना आत येणारा उडी मारून येतो आणि जमिनीवर पाय टेकेपर्यंत त्याला हातही उचलता येत नाही. समोरचा हुशार असेल तर याच क्षणाची वाट बघत असतो. या सगळ्यावरून मी एक नियम काढला होता: बदली घाईने करायची नाही. समोरचा गाफील सापडेपर्यंत, मार खावा लागला तरी, थांबायचं. वहीतल्या आकड्यांनी तो नियम पुन्हा पुन्हा खरा ठरवला होता.

माझ्या मोजण्याला त्या दुकानात मान मिळाला तो लोडशेडिंगमुळे. वीज ठरल्या वेळी जायची, पण पाच-दहा मिनिटं पुढे-मागे व्हायची, आणि ऐन लढतीत पडदा काळा पडला की भांडण ठरलेलं. दोघेही म्हणणार, माझी पट्टी मोठी होती. चाचांनी यावर उपाय काढला. अंधार झाला की ते माझ्याकडे वळून विचारायचे, "बोलो मियाँ, किसका ज़्यादा था?" मी सांगायचो आणि तो निकाल. मी कधी खोटं सांगितलं नाही, मित्राच्या बाजूनेही नाही. त्यामुळे माझं म्हणणं मोडायचं नाही, अशी तिथे सवयच पडून गेली. एवढ्या लहान वयात माणसाचं म्हणणं कुणी मोडत नसेल तर ते त्याच्यासाठी बरं नसतं, हे मला फार नंतर कळलं.

मित्र म्हटलं, तो माझा खोलीतला भागीदार. अकोटच्या बाजूचा, काळ्या जमिनीवरच्या घरातला. त्या पेटीवर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मी मोजायचं आणि त्याने खेळायचं, अशी आमची जोडी होती. त्याच्या घरी त्याहून जुनी एक जोडी होती. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा थोरला भाऊ बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होता आणि धाकटा दहावीत होता. वावर तर कुणीतरी बघायला हवं. दोघा भावांनी आईसमोर पाळी ठरवली: आधी थोरल्याने वावर सांभाळायचं, धाकट्याने अकोल्याला जाऊन पदवी घ्यायची, पदवी झाली की धाकट्याने गावी यायचं आणि थोरल्याने वयाची अट संपायच्या आत भरतीला उतरायचं. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, पण मित्र ही गोष्ट इतक्या सहज सांगायचा की तीत काही अवघड असेल असं वाटतच नसे.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसावर अळी यायची, फवारण्या वाढायच्या, आणि वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावरच्या बातम्या हळूहळू पहिल्या पानावर आल्या होत्या. खेड्यांतली मुलं आमच्या गल्लीत पुष्कळ होती. सुट्टीहून कुणी परत आलं की पूर्वी आम्ही विचारायचो, घरी कसं आहे. त्या वर्षांत ते विचारणं आपोआप बंद झालं. उत्तर काय येईल याचा भरवसा नव्हता, आणि आलेल्या उत्तराचं करायचं काय हेही ठाऊक नव्हतं. डबा उघडला की सगळे जेवायचे, परीक्षेबद्दल बोलायचे, पिक्चरबद्दल बोलायचे. न विचारणं हीच आमची सभ्यता झाली होती. कुणी ती शिकवली नव्हती, पण सगळे ती पाळत होते.

पदवीची शेवटची परीक्षा संपली त्या आठवड्यात थोरला भाऊ अकोल्याला आला. खोलीला कुलूप पाहून शेजारच्यांना विचारत तो थेट माडीवर चढून आला. उन्हातून आलेला, गळ्यात दुपट्टा, हातात आईने दिलेला डबा. मित्र पेटीवर होता, चार जणांना उठवून पाचव्याशी लढत होता. मी त्याच्या शेजारी उभा. भाऊ आमच्या मागे येऊन थांबला. दोनदा खोकला. मला वाटलं, कूलरच्या वाळ्याचा ओला वास त्याला सोसत नसावा. मग त्याने विचारलं, "झाली ना परीक्षा? जूनमंदी येशीन ना मंग घरी?"

मित्राने मान वळवली नाही. हात बटणांवर ठेवूनच तो म्हणाला की संगणकाचा एक कोर्स निघालाय, एका वर्षाचा, तो केला तर पुण्यात हमखास काम लागतं. मग मला म्हणाला, "सांग ना बे, दादापाशी वयाचे किती साल हायेत अजून?" भावाची जन्मतारीख मला पाठ होती, तारखा मला राहतात. मी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, दोन वर्षं आणि वर चार महिने. एक वर्ष गेलं तरी एक वर्ष हातात उरतं. आणि वर हेही म्हणालो, की आत्ता घाईने बदली केली तर दोघांचंही अर्धवट होईल. गल्ल्यावरून चाचा म्हणाले, "इसका हिसाब पक्का रहता है, भाईसाब."

भाऊ पडद्याकडे बघू लागला. लढत रंगात आली होती. मग त्याने वरच्या कोपऱ्यातल्या, मागे गेलेल्या गड्याच्या छोट्या चित्राकडे बोट केलं. "हा मांगचा काय करते?"

"आराम करून रायला तो," मित्र म्हणाला.

"बरं हाये मंग त्याचं," भाऊ म्हणाला, आणि हसला. आम्हीही हसलो. डबा बाकावर ठेवून, अकोटची बस चुकेल म्हणून तो उतरून गेला. त्याच्या येण्याजाण्यात वीस मिनिटं गेली असतील.

ते वर्ष कसं गेलं हे मला तुकड्या-तुकड्याने कळलं. मित्र कोर्सला लागला. गावी त्या हंगामात अळी अशी पडली की आठवड्याआड फवारणी करावी लागली. मजूर मिळेना, तेव्हा पाठीवर पंप घेऊन भाऊ एकटाच कापसाच्या पऱ्हाटीत फिरायचा. तोंडाला तोच दुपट्टा. पहाटे धावायचा सराव त्याने सोडला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात भरती निघाली आणि मैदान नेमकं अमरावतीचं आलं. आदल्या दिवशी तो आमच्या घरी मुक्कामाला आला. माझ्या आईने त्याला वाढलं, तो कमी जेवला, धावायचं आहे म्हणाला.

सकाळी मी त्याच्याबरोबर मैदानावर गेलो आणि कुंपणाबाहेर उभा राहिलो. उंची झाली. मग छातीचं माप. शर्ट काढून मुलं रांगेत उभी होती. माप घेणारा हवालदार सभ्य माणूस होता. त्याने टेप लावली आणि म्हणाला, फुगव. मग म्हणाला, अजून. मग टेप सैल करून, पुन्हा लावून, अगदी हळू आवाजात, "अजून थोडी फुगव ना गा." माझ्यापासून ते अंतर तीस पावलांचं असेल. भावाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. तो श्वास आत घेत होता आणि श्वास जात नव्हता. मग खोकला आला आणि टेप निघाली. हवालदाराने कागदावर आकडा लिहिला. धावायची पाळी आलीच नाही.

तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. आम्ही चहा घेतला. त्याने माझ्या आईने दिलेला लाडू अर्धा मला दिला. बसस्टँडपर्यंत चालताना माझ्या डोक्यात वहीतली पानं उलटत होती. मी त्याचं वय मोजलं होतं, आणि ते अगदी बरोबर मोजलं होतं. भरतीच्या दिवशी वयाच्या अटीला अजून एक वर्ष आणि वर काही महिने बाकी होते, माझ्या आकड्यात दिवसाचीही चूक नव्हती. पण तो मागे बसून भरून येतोय, असं मी धरून चाललो होतो. आम्ही दोघे कूलरसमोर उभे होतो आणि आम्हाला वाटत होतं की लढतोय तो मित्र. पाठीवर पंप घेऊन जो वावरात उभा होता, त्याला आम्ही आराम करायला पाठवलेला गडी समजलो होतो. सहा हंगाम तो एकटाच समोर होता. अडवलेल्या वारानेही चिमूटभर जातं, हे ज्या माणसाने वहीत लिहून ठेवलं होतं, त्याला ते समोरच्या माणसात दिसलं नाही.

मित्राला मी पत्र लिहिलं. तो गावी गेला, आठ दिवस राहिला. पण आता त्याने परतून काय करायचं, असं भावानेच म्हटलं म्हणे. पुण्यात त्याचं चांगलं झालं. भावाचे पैसे, दवाखाना, आईचं सगळं त्याने पाहिलं, त्यात त्याला बोल लावता येणार नाही. पण आम्ही भेटलो की त्या दुपारचा विषय दोघेही टाळतो. भेटी कमी होत गेल्या. गेली काही वर्षं दिवाळीचा एक फोन, तोही तीन-चार मिनिटांचा.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाला अकोटला गेलो होतो. मांडवात भाऊ भेटला. केस पिकलेले, अंगाने वाळलेला, बोलता बोलता थांबून श्वास घेणारा. घरी चला म्हणाला. ओसरीवर खुर्च्या टाकल्या, त्याच्या मुलीने चहा आणला. पोरगी काय शिकते, रिटायर व्हायला किती राहिले, असं सगळं त्याने विचारलं. त्याला विचारायची सवय आहे. मग मी बोललो. इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलायचं तर प्रस्तावना लांबते, तशी लांबली. शेवटी म्हणालो, दादा, तेव्हा मी जो हिशेब सांगितला तो चुकीचा होता.

त्याने कप खाली ठेवला. "हिशोब बराबर होता तुमचा," तो म्हणाला. "मी मांगंच उभा होतो ना तुमच्या. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी विचारलं, काय सांगितलं असतं?

तो अंगणाकडे बघत आठवू लागला. अगदी मनापासून आठवत होता, माझं मन राखण्यासाठी नव्हे. मग मान हलवून म्हणाला, "आता नाई आठवत, बाप्पा."

उशिरा विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर असतंच, ते मिळालं नाही तर कुणीतरी ते द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. उत्तर काही काळ माणसापाशी असतं, हातात डबा घेऊन ते आपल्या मागे येऊन उभंही राहतं, आणि मग एक दिवस ज्याचं असतं त्याच्याकडूनही जातं. त्या दुपारी तो काय म्हणाला असता, हे आता जगात कुणालाच ठाऊक नाही.