दोन घोट पाणी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. मानसशास्त्रात बी.ए. केलं, मग वकिली, आणि एम.ए. अजून चालूच आहे. अशा अर्धवट माणसाने लिहावं का, कळत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. ज्यांची गोष्ट आहे त्या दोघांनी 'लिवा' म्हटलं, म्हणून लिहितो. नावं बदलली आहेत.

"भरपाईचं मागनं बोलू. मला त्याला एकच इचारायचंय," हमीदाचाची म्हणाल्या.

शिरूरच्या कोर्टात मीडिएशनची खोली होती. मी मीडिएटर, म्हणजे निकाल न देता दोन्ही बाजूंना बोलतं करणारा. चाची दौंडच्या. त्यांचा मुलगा सलीम कारेगावच्या कंपनीतून रात्री मोटरसायकलवर घरी येताना, रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. ट्रॅक्टर मांडवगणच्या दत्ताचा. कोर्टात दत्ताने चाचींकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. त्याच्या वकिलांनी बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही.

मीडिएशनमध्ये बोललेलं कोर्टात वापरता येत नाही, म्हणून तिथे माणसं बोलतात. आधी प्रत्येकाला एकेकटं भेटायचं. त्याला कॉकस म्हणतात. तिथे ऐकलेलं, त्याने परवानगी दिल्याशिवाय, दुसऱ्या बाजूला सांगायचं नाही. हा नियम पक्का.

कॉकसमध्ये दत्ता खुर्चीच्या कडेवर बसला.

"साहेब, पोरगं जित्तं व्हतं. पाणी मागत व्हतं. माझी बाटली भरलेली व्हती. लोक म्हनले, डोक्याला मार हाय, पाजू नको. म्या न्हाई पाजलं. ॲम्ब्युलन्स यायच्या आत गेलं."

लोकांचं बरोबरच होतं. पण हे आईला कसं सांगायचं?

"चाचींना सांगाल?"

"त्यासाठीच तर आलोय."

मग सगळे एकत्र बसलो.

"दत्ता, खरं सांग बाबा. माझ्या सलीमनं पाणी मागितलं का?"

"मागितलं, चाची."

"मंग?"

दत्ताने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पाजलं की. दोन घोट घेतलं त्यानं. माझ्या हातनं."

मीडिएटरने चेहरा कोरा ठेवायचा असतो. माझे कान तापले होते. बोललो तर नियम मोडणार, गप्प बसलो तर खोट्यात सामील. मी गप्प बसलो.

चाचींनी दत्ताच्या डोक्यावर हात ठेवला. "कागदावर लिवलीय ती भरपाई चालंल मला. सही कुठं करायची, वकीलसाहेब?"

"घाई नको, चाची. पुढची तारीख घेऊ."

"आता काय ऐकायचं राहिलंय?"

मी तडजोडीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी दत्ताला गाठलं. "का असं केलंत?"

"तिचं तोंड बघितलं न्हवं तुम्ही? तुम्ही सांगितलं असतं व्हय?"

खरं सांगायचं तर, नसतं सांगितलं. गुप्ततेचा नियम मीडिएटरचं तोंड बंद करतो. बोलणाऱ्याच्या पोटात काय राहतं, त्याची सोय नियमात नाही. एवढंच मी यातून शिकलो.

नंतर बरेच महिने गेले. परवा दत्ताचा फोन आला. तो एकटाच दौंडला जाऊन आला होता. दारातच उभं राहून सगळं खरं सांगितलं म्हणे.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. आत गेल्या. मला वाटलं, आता कडी लावत्यात. तर तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला."

"मग?"

"म्हनल्या, पी. माझ्या देखत पी."